चॅट्सवर्थचा वाडा एका दिवसात : आखणी कशी करावी

इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थला जाणारे बरेचजण अर्धा दिवस वाड्यात रेंगाळतात आणि बागेतून धावतपळत बाहेर पडतात. वाड्याला दीड-दोन तास पुरतात. बाग १०५ एकरांची, तिला निदान तीन तास हवेत. त्यामुळे वाड्याचं तिकीट सकाळच्या पहिल्या तासाभरातलं काढा.

तिकीट ऑनलाइनच घ्या, कारण वाड्याच्या प्रवेशाला वेळ ठरलेली असते. नुसत्या बागेचं तिकीट स्वस्त पडतं. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं सभासदत्व इथे चालत नाही, वाडा वेगळ्या धर्मादाय ट्रस्टकडे आहे. तिकीट काढताना 'गिफ्ट एड' (देणगीवरची करसवलत ट्रस्टला मिळवून देणारी सोय) विचारलं, तर ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यानेच होकार द्यावा. भारतातून आलेल्या आईबाबांच्या तिकिटाला ते लागू होत नाही. जानेवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत वाडा सहसा बंद असतो. ख्रिसमसच्या सजावटीच्या दिवसांत तिकिटं फार आधी संपतात. मे-जून किंवा सप्टेंबरातला मधला वार सगळ्यांत बरा.

गाडी नसेल तर रेल्वेने शेफील्ड गाठा. तिथून बेकवेलला जाणारी २१८ नंबरची बस चॅट्सवर्थला थांबते. परतीच्या शेवटच्या बसची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा, नाहीतर संध्याकाळी टॅक्सी शोधत बसावं लागतं.

वाड्यात जिने बरेच आहेत. गुडघेदुखी असेल तर दारातच लिफ्टचं विचारा. निम्म्या वाटेवर सांगितलं की मागे फिरावं लागतं. पाठीवरची सॅक पुढे घ्या, वळताना तिचा धक्का नेमका चिनीमातीच्या भांड्यांना लागतो. खोल्यांत उजेड मंद असतो, कारण उन्हाने पडदे, गालिचे आणि चित्रं विटतात. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा.

सगळ्याच खोल्या सारख्या जोमाने बघू नका. पेंटेड हॉलमध्ये चित्रकार लागेरने छत-भिंतींवर रंगवलेला ज्युलियस सीझर मान वर करून निवांत बघा. स्टेट म्युझिक रूममध्ये अर्धवट उघड्या दारातून आतल्या दारावर अडकवलेलं व्हायोलिन दिसतं. ते नुसतं रंगवलेलं आहे! खुंटीची सावलीसुद्धा रंगाचीच. शिल्पदालनात राफाएले मोंतीची १८४७ सालची बुरख्यातली पुजारीण आहे. चेहऱ्यावरचं झिरझिरीत वस्त्र अख्खं संगमरवराचं, ते समोरून नव्हे, बाजूने उजेड पडतो तिथून बघा.

बागेत चढ आधी संपवा. वर इथला एकोणिसाव्या शतकातला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने रचलेले प्रचंड खडक आहेत. पुढे चक्रव्यूह लागतो, तिथे पूर्वी त्याचंच भलंमोठं काचगृह होतं. ते १९२० मध्ये पाडलं. १६९६ साली सुरू केलेला पायऱ्यांचा धबधबा डागडुजीमुळे कोरडा असू शकतो, म्हणून त्याच्या भरवशावर कार्यक्रम आखू नका. एम्परर कारंजं १८४४ मध्ये रशियाच्या झारसाठी बांधलं, झार काही आला नाही. त्याला पंप नाही. माळावर उंचावर खणलेल्या तळ्यातलं पाणी उतारानेच जोर धरतं. पाणी कमी असलं किंवा वारा सुटला की ते बंद ठेवतात, त्यामुळे चालू दिसलं की फोटो लगेच काढून घ्या.

इथल्या माळ्यांची एक गोष्ट जळगावपर्यंत पोचली आहे. १८३५ मध्ये पॅक्स्टनने इथल्या काचगृहात बुटक्या केळीला फुलवलं आणि तिला मालकांचं आडनाव मिळालं : कॅव्हेंडिश. आपल्याकडची बसराई आणि ग्रँड नैन याच गटातल्या.

जेवण घरून न्या. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी चटणी बागेत बसून खाता येते. वाड्याच्या आत मात्र काही खायचं नाही. तबेल्याच्या जुन्या इमारतीत उपाहारगृहं आहेत, तिथे दुपारी एक वाजता रांग लागते. साडेअकराला किंवा अडीचला जा. जोडे पकडीचे हवेत, ओल्या उताराच्या गवतावर चपला घसरतात. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं, माळावरचा वारा छत्री उलटी करतो.

वेळ उरलाच तर बागेबाहेरच्या मोकळ्या उद्यानातून चालत एडन्सर गावात जा. नाव लिहितात एडन्सर, म्हणतात एन्सर. उद्यानात चालायला तिकीट लागत नाही, पार्किंगचे पैसे तेवढे पडतात. एडन्सरच्या चर्चच्या आवारात पॅक्स्टनचं थडगं आहे.