पेटीतला तळ आणि ऊब: मुंबईच्या हवेत सरपटणारा प्राणी पाळताना

चार वर्षांपूर्वी जानेवारीत मुलुंडला चांगलीच थंडी पडली, म्हणून मी बॉल पायथन या माझ्या पाळीव सापाच्या पेटीखाली हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) चिकटवली आणि निर्धास्त झोपलो. सकाळी पाहतो तर तो पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसलेला. वर्तमानपत्र उचलून काचेवर थर्मामीटर ठेवला, आकडा ४६ अंशांवर गेला. भाजला नव्हता, एवढंच. थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप आवरणारं यंत्र) पुढच्या महिन्यात घेऊ असं मी ठरवलं होतं; तो त्याच दुपारी आणला.

हीटरबरोबर येणाऱ्या बहुतेक सूचना थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे खोलीचं तापमान वर्षातले बरेच महिने २७ ते ३२ अंश असतं. म्हणजे हीटरने वरचे चार-पाच अंश भरून काढले की पुरे. मुंबईत या प्राण्यांचे हाल थंडीने कमी होतात. आटोक्यात न राहिलेल्या उष्णतेने आणि ओलीने जास्त होतात. पेटी लावताना हे सतत डोक्यात असू द्या.

खरेदीआधी कायदा. तारा कासव, आपल्याकडचा अजगर, नदीतली कासवं हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात, कोणी कितीही आग्रहाने देऊ केले तरी ते घरात ठेवता येत नाहीत. बॉल पायथन, इग्वाना अशा परदेशी प्रजातींची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणाऱ्याकडून कागद मागून घ्या.

आता तुमच्या प्राण्याचे आकडे एका कागदावर लिहा आणि पेटीवर चिकटवा. बॉल पायथनला उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश, गार टोकाला २५ ते २७, आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याला ऊन खायची जागा ३८ ते ४२ अंश, गार बाजू २४ ते २८ आणि हवा कोरडी, ३० ते ४० टक्के. दोन टोकांमधला हा फरक महत्त्वाचा. या प्राण्यांना अंगात पुरेशी उष्णता तयार करता येत नाही. ती जागा बदलूनच कमी-जास्त करावी लागते. पेटी सगळीकडे सारखीच गरम असेल तर त्यांना पळायला जागाच उरत नाही.

तळ

नवा प्राणी आणला की पहिला महिना साधं वर्तमानपत्र किंवा किचन टॉवेल अंथरा. दिसायला काही खास नाही, पण विष्ठा कशी आहे, अंगावर माइट (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत का, खाल्लेलं उलटून पडलं का, हे सगळं लगेच कळतं. महिन्याभरात सगळं ठीक दिसलं तर पुढचा विचार.

बिअर्डेड ड्रॅगनसाठी माझं मत टाइल्सच्या बाजूने. घराचं काम झाल्यावर उरलेल्या खरखरीत टाइल्स प्रत्येकाच्या माळ्यावर असतात, त्या मापात कापून घ्या. गुळगुळीत, चकचकीत नकोत, त्यांवर पाय घसरतात. टाइल दिव्याखाली छान तापते, नखं घासली जातात आणि ओल्या फडक्याने पुसता येते. पिल्लांना वाळूवर ठेवू नका. किड्याबरोबर वाळू पोटात जाते आणि आतडं तुंबू शकतं.

बॉल पायथनला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चालतं. नर्सरीतून घेताना खत मिसळलेलं नाही याची खात्री करा, विटेचं कोकोपीट भिजवून दोन-तीनदा धुवा आणि चांगलं पिळा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी गळू नये. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची आर्द्रताच ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा पाणी अजिबात शिंपडू नका. ओल्या तळावर सापाच्या पोटाचे खवले लाल पडतात, मग कुजतात. पावसाळ्यात मी पातळ थर ठेवतो, रोज हाताने खालीवर करतो आणि पांढरी बुरशी दिसली की सगळा काढून परत कागद घालतो.

वखारीतला भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. देवदार आणि चीड या लाकडांतलं तेल या प्राण्यांच्या फुप्फुसांना बाधतं, आणि भुशात कुठलं लाकूड मिसळलंय ते सांगता येत नाही.

ऊब

थर्मोस्टॅट आधी, हीटर नंतर. लॅमिंग्टन रोडला अंड्यांच्या इन्क्युबेटरचा डिजिटल टेंपरेचर कंट्रोलर मिळतो. मॅट आणि सिरॅमिक हीटर (उजेड न देता नुसती ऊब देणारा) यांना तो पुरतो. जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घ्या. दिव्याला असा चालू-बंद होणारा कंट्रोलर लावला तर तो सारखा लुकलुकतो, म्हणून त्याला उजेड कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅट लागतो.

हीट मॅट काचेच्या बाहेरून, तळाच्या एका टोकाला, जास्तीत जास्त एक तृतीयांश भागात. पेटीला चार कोपऱ्यांवर रबरी पाय लावा, खाली हवा खेळली पाहिजे. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅट आणि काच यांच्या मधे टेपने पक्का बसवा. आत सैल टाकलेला प्रोब साप ढकलून गार बाजूला नेतो, मग थर्मोस्टॅटला वाटतं थंडी आहे, आणि मॅट तापतच राहते. मॅटवर कोकोपीटचा जाड थरही नको. गरम झालं की खाली जमिनीत शिरायचं हे या प्राण्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. इथे खाली शिरावं तितकं जास्त तापतं.

वरून ऊब देणार असाल तर दिव्याभोवती तारेची जाळी हवीच. साप दिव्याला वेटोळं घालतो आणि कातडी चिकटेपर्यंत सोडत नाही. सिरॅमिक हीटरला चिनी मातीचाच होल्डर घ्या, लोहार चाळीत मिळतो, प्लास्टिकचा वितळतो. रात्री लाल बल्ब लावायची पद्धत आहे, ती सोडा, कारण त्यांना तो उजेड दिसतो. तापणारे नकली दगड तर घेऊच नका. ते एकाच जागी तापतात आणि पोट भाजतं.

ड्रॅगन आणि इग्वाना यांना यूव्हीबी (उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण) देणारा दिवाही लागतो. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी नसतं. आणि काचेची पेटी उघड्या उन्हात बाल्कनीत ठेवलीत तर काही मिनिटांत आतला प्राणी दगावतो.

एसीचंही बघा. मे महिन्यात आपण रात्री एसी लावून झोपतो, तेव्हा पेटीसाठी ती वर्षातली सगळ्यात थंड आणि कोरडी रात्र ठरू शकते. पेटी एसीच्या झोतात नको. वीज गेली तर मात्र घाबरू नका. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज तासन् तास गेली होती. इथल्या हवेत निरोगी प्राणी तेवढा वेळ सहज काढतो.

वायर सॉकेटकडे नेताना मधे थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे पाणी ओघळलं तर खालीच गळेल. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) घरात नसेल तर बसवून घ्या.

सगळं लावून झालं की रिकामी पेटी दोन दिवस चालवा. दुपारी, मध्यरात्री आणि पहाटे दोन्ही टोकांचे आकडे लिहा. ते कागदावरच्या आकड्यांशी जुळले की मगच प्राणी आत सोडा. पुढे तो सतत पाण्यात बसत असेल किंवा गार कोपऱ्यातून हलत नसेल तर आधी तापमान तपासा. पोटावर तपकिरी डाग किंवा फोड दिसला तर हीटर बंद करा, तळावर स्वच्छ कागद घाला आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. हळद, टूथपेस्ट, घरातलं मलम यांतलं काही लावू नका. ते जखमेवरून काढताना कातडीही निघू शकते.