ताईचं बिझनेस क्लासचं तिकीट

न्यू जर्सीच्या ताईला स्पेनमध्ये मालागाला जायचं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, रात्रभर पाय दुमडून बसणं शक्यच नव्हतं. तिकिटाचं काम माझ्याकडे. देवगडात आमच्या घरी रेंज मिळते ती पडवीच्या टोकाला. तिथेच बसून एक स्वस्त बिझनेस क्लास तिकीट काढलं.

जेवणानंतर परत उघडून पाहिलं आणि पोटात गोळा आला. बिझनेसची सीट फक्त युरोपातल्या छोट्या फ्लाइटला, अटलांटिकवरची अख्खी रात्र इकॉनॉमीत! खाली बारीक अक्षरांत 'मिक्स्ड केबिन' लिहिलेलं. तिकीट थेट एअरलाइनकडून, निघण्याच्या 7 दिवसांहून आधी काढलेलं, त्यामुळे 24 तासांत फुकट रद्द करता आलं.

मग विमानाने थेट मालागात उतरण्याचा हट्टच सोडला. न्यूयॉर्क ते माद्रिद थेट फ्लाइट, पुढे मालागापर्यंत फास्ट ट्रेनने साधारण तीन तास. भावोजींच्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट पडून होते, ते इबेरिया या स्पॅनिश एअरलाइनच्या एव्हिओसमध्ये, म्हणजे तिच्या पॉइंटांमध्ये वळवले आणि त्यांवर बिझनेसची सीट काढली. ऑफ-पीक, म्हणजे कमी गर्दीच्या तारखांना एव्हिओस कमी लागतात, म्हणून ताईला चार दिवस पुढे सरकवलं. आधी सीट खरंच आहे ना ते बघा, मगच पॉइंट वळवा. एकदा गेले की परत येत नाहीत. टॅक्स वेगळा भरावा लागतो.

येतानाची फ्लाइट दिवसाची, तिला प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे इकॉनॉमीहून थोडी ऐसपैस सीट पुरली.

विमानातून ताईचा फोटो आला, पाय सरळ लांब केलेले, अंगावर चादर. आईने तो दोनदा मोठा करून पाहिला.