१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण तो १४४ वर चालतोय का?

नवा मॉनिटर जोडला, व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम सुरू केला आणि दोन मॅच झाल्यावर वाटलं, यात वेगळं काय आहे? बऱ्याचदा कारण साधं असतं: मॉनिटर अजून ६० हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत, चालत असतो. विंडोज नव्या मॉनिटरला पुष्कळदा ६० वर ठेवतं आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आधी थोडा हिशेब. ६० हर्ट्झला पडद्यावरचं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२ मिलिसेकंदांनी. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलात तर जवळपास १० मिलिसेकंद वाचतात, तिथून २४० वर गेलात तर तीनसुद्धा नाहीत. बजेट मर्यादित असेल तर १४४ किंवा १६५ वर थांबा आणि उरलेले पैसे प्रोसेसर आणि रॅमवर घाला.

केबल कुठे आणि कोणती

कॅबिनेटच्या मागे यूएसबी आणि लॅनच्या शेजारी जे एचडीएमआय दिसतं ते मदरबोर्डचं. केबल तिथे नको. खाली, ग्राफिक्स कार्डाच्या पट्टीवर जी पोर्टं आहेत त्यांत लावा. चुकीच्या जागी लावली की एकतर पडदा काळा राहतो, नाहीतर गेम प्रोसेसरमधल्या कमजोर ग्राफिक्सवर रखडत चालतो.

शक्यतो डिस्प्लेपोर्ट वापरा. १.२ आवृत्तीचं डिस्प्लेपोर्टही १०८०पी (फुल एचडी) रिझोल्यूशनला २४० हर्ट्झ आणि त्याहून बारीक १४४०पी ला १४४ हर्ट्झ देतं. एचडीएमआयमध्ये गोम आहे: २.० असेल तर काम भागतं, पण १.४ असेल तर १०८०पी ला सहसा १२० वर अडकता. स्वस्त मॉनिटरमध्ये दोन्ही पोर्टं असली तरी एचडीएमआयची मर्यादा कमी असू शकते, म्हणून सोलापूरच्या नवी पेठेत असो वा ऑनलाइन, पैसे देण्यापूर्वी पोर्टनिहाय हर्ट्झ बघून घ्या. घरात पडलेली सेट-टॉप बॉक्सची जुनी केबल लावू नका. खोक्यातली केबल किंवा दीड-दोन मीटरची चांगली केबल घ्या. खेळता खेळता पडदा क्षणभर काळा होऊन परत येत असेल, तर पहिला संशय केबलवर घ्या.

विंडोजमध्ये आणि गेममध्ये

१. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. वर योग्य मॉनिटर निवडा आणि रिफ्रेश रेटमध्ये सर्वांत मोठा आकडा घ्या. तो आकडा यादीतच नसेल तर दोष केबलचा, पोर्टचा किंवा ड्रायव्हरचा.

२. मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत माहितीचं पान असतं, तिथला आकडाही जुळतो का बघा.

३. गेममध्ये फुलस्क्रीन निवडा. काही गेम स्वतःचा वेगळा रिफ्रेश रेट धरून बसतात, तोही बदला. फ्रेमची मर्यादा ६० वर राहिली असेल तर काढा.

ओव्हरड्राइव्ह

पिक्सेलला रंग लवकर बदलायला लावणारा हा पर्याय मॉनिटरच्या मेन्यूत ओव्हरड्राइव्ह, रिस्पॉन्स टाइम किंवा कंपनीने ठेवलेल्या एखाद्या नावाने असतो. खोक्यावरचा ‘१ मिलिसेकंद’ बहुतेक वेळा याच्या सर्वांत वरच्या पायरीवर मोजलेला असतो आणि तीच पायरी सहसा सर्वांत वाईट दिसते. पिक्सेल हव्या त्या रंगाच्या पुढे निघून जातो, मग हलणाऱ्या शत्रूच्या मागे पांढुरकी कड दिसते. मधली पायरी ठेवा. टेस्ट-यूएफओ या संकेतस्थळावरच्या धावत्या यानाकडे बघत एकेक पायरी बदलली की फरक लगेच कळतो. व्हीए पॅनेल (पडद्याचा एक प्रकार) असेल तर काळोख्या जागी काळपट डाग मागे ओढले जातात. ते ओव्हरड्राइव्हने पूर्ण जात नाहीत, म्हणून वेगवान नेमबाजीसाठी आयपीएस पॅनेल बरं.

फ्रेम पुरवणारं कोण?

मॉनिटर १४४ चा, पण मशीन सेकंदाला ९० फ्रेम (चित्रं) देतंय, तर तुम्ही ९० वरच खेळताय. १०८०पी ला, सेटिंग्ज कमी ठेवून खेळताना भार बहुतेक प्रोसेसरवर येतो. अशा वेळी रिझोल्यूशन आणखी उतरवून फारसा उपयोग नाही. १६ जीबीची एक रॅम असण्यापेक्षा ८-८ च्या दोन लावा आणि बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय, चालू करा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा.

फ्रेम १०० ते १५० च्या दरम्यान वरखाली होत असतील तर जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा रिफ्रेश रेट फ्रेमप्रमाणे बदलणारी सोय) चालू करा, ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये व्ही-सिंक (फ्रेमला मॉनिटरच्या ठेक्यावर थांबवणारा पर्याय) चालू, गेममध्ये बंद आणि फ्रेमची मर्यादा १३८ ठेवा. १४४ ला टेकलं की व्ही-सिंकची रांग लागते आणि माऊस जड वाटतो, म्हणून मर्यादा थोडी खाली. फ्रेम सतत २५० च्या वर असतील तर हे सगळं बंद ठेवलं तरी चालतं. पडदा किंचित फाटल्यासारखा दिसेल, पण प्रतिसाद सर्वांत जलद मिळेल.

सोलापूरचा उन्हाळा, तंतू आणि लाईट

एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी खेळलात, तर सकाळी १६० फ्रेम देणारं मशीन दुपारी धापा टाकतं. खोली १० अंशांनी तापली की आतले भागही जवळपास तेवढेच तापतात. बरीच एनव्हिडिया कार्डं ८३ अंशांच्या आसपास वेग उतरवू लागतात. कॅबिनेट भिंतीपासून निदान १५ सेंटीमीटर पुढे घ्या, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका.

पूर्व भागात, यंत्रमागाच्या आसपास राहत असाल तर धुळीपेक्षा कापसाचे तंतू जास्त त्रास देतात. ते हीटसिंकवर नमद्यासारखे बसतात. फिल्टरची जाळी १५ दिवसांनी झाडा, आतून दोन महिन्यांनी ब्लोअर मारा. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको, त्यातून पाणी येतं.

लाईट गेली की यूपीएस आहेच, असं समजून चालू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तेवढं सहज खेचतात, मग तो पिंपिं करून बंद पडतो. १००० ते ११०० व्हीएचा घ्या आणि स्पीकर, राउटर वगैरे जोडण्यापूर्वी वॅटची बेरीज करा.

दुपारी फ्रेम पडू लागल्या तर मॉनिटर बदलायच्या आधी गेममध्ये १२० ची मर्यादा लावून बघा. कार्ड थंड राहतं आणि १२० वर स्थिर चाललेला गेम १६० आणि ९० च्या मध्ये हेलकावे खाणाऱ्यापेक्षा हाताला सरळ लागतो.