लेझरने चांदीची शाई उडवली, पण एलईडी काय पेटेना

मालवणात एका होमस्टेसाठी पारदर्शक पीईटी (प्लास्टिक) फिल्मवर माशाची नक्षी आणि त्यातच एलईडीची वायरिंग करायची होती, एकच पीस, त्यासाठी छपाईची स्क्रीन (जाळीचा साचा) कोण बनवणार? म्हणून काचेच्या पट्टीवर चांदीची कंडक्टिव (वीज वाहून नेणारी) पेस्ट, म्हणजे शाईच, फासली, ती बाजू खाली करून फिल्मवर ठेवली नि मागून काचेतून लेझर मारला. जिथे बीम पडतो तिथली शाई तापते, वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंब खाली ढकलतो, बस्स एवढंच. चष्मा मात्र लेझरच्या वेव्हलेंथचाच घाला, साधा गॉगल चालत नाही.

मासा मस्त उमटला, पण मल्टीमीटर लावला तर ओपन सर्किट, म्हणजे वीज जायची वाट तुटलेली! भिंगातून बघितलं तर ती रेघ नव्हतीच, सुटे सुटे ठिपके होते, आणि मधे मधे शिंतोडे. मी आधी पावसाळी दमट हवेला शिव्या घातल्या (आमच्याकडे सगळं तिच्यावरच ढकलतात), पण चूक माझीच, काच थेट फिल्मला टेकली होती आणि शाईचा थर जाड.

मग काचेच्या दोन्ही कडांना सेलोटेपचे दोन दोन थर लावून बारीक फट ठेवली, थर पातळ केला, स्पीड कमी करून ठिपके एकावर एक चढवले. नंतर शाई पक्की व्हायला जुन्या ओटीजीत (छोट्या ओव्हनमध्ये) १२० डिग्रीला ३० मिनिटं. आईच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये नाही हां, तिने हातच लावू दिला नसता आणि तो सॉल्व्हंटचा वास खाण्याच्या जवळ नकोच.

आता मल्टीमीटर बीप करतो, माशाचा डोळा पेटतो. शेपटीकडे अजून एक शिंतोडा आहे, तो ठेवलाय तसाच.