आरव्ही आणि सायकली घेऊन रॉकी पर्वतात जाताना या चुका टाळा

आमचे घर डेन्व्हरला असल्यामुळे दर उन्हाळ्यात टेक्सास, इलिनॉय किंवा न्यू जर्सीहून कोणी ना कोणी मराठी मंडळी आरव्ही, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायला येतात, सायकली लादतात आणि निघण्यापूर्वी चहाच्या निमित्ताने सल्ला विचारतात. बहुतेकांचे प्रश्न चढाविषयी असतात: एवढी मोठी गाडी घाट चढेल का, मुलांना सायकल चढवता येईल का? उताराविषयी सहसा कोणी विचारत नाही, आणि मी पाहिलेले बहुतेक घोळ मात्र उतारावरच झालेले आहेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे संपूर्ण घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरणे. डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघाले की सुमारे ११,००० फुटांवर आयझेनहॉवर बोगदा लागतो, आणि तो संपताच सिल्व्हरथॉर्नपर्यंतच्या आठ-नऊ मैलांत रस्ता दोन हजार फुटांहून अधिक खाली येतो. काही टप्प्यांत उतार सात टक्क्यांचा आहे. भाड्याच्या आरव्हींपैकी बऱ्याच गाड्या फोर्डच्या ई-४५० या सांगाड्यावर बांधलेल्या असतात आणि त्यांचे भरलेले वजन १४,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकते. एरवी कॅमरीसारखी साधी मोटार चालवणाऱ्या माणसाच्या पायाला या वजनाचा अंदाज नसतो.

एका जुलैत डॅलसहून परिचयातले एक कुटुंब आले होते. दुपारी तीनला त्यांनी आरव्ही ताब्यात घेतली, आमच्या अंगणात तासाभरात सामान भरले आणि 'आजच फ्रिस्कोला मुक्काम, उद्या सकाळी व्हेल पास' असा बेत जाहीर केला. (हे फ्रिस्को म्हणजे सिल्व्हरथॉर्नच्या पुढचे डोंगरातले गाव, आणि पास म्हणजे घाटमाथा.) मी माझ्या गाडीने त्यांच्या मागोमाग होतो. बोगद्यातून बाहेर पडल्यावर त्यांचे मागचे लाल दिवे जे लागले, ते मैलभर गेल्यावरही विझेनात. मी वहिनींना फोन केला आणि गिअरच्या दांड्याच्या टोकाला असलेले बटण दाबून ब्रेकवरचा पाय काढायला सांगा म्हटले. पलीकडून उत्तर आले, "भावजी, हे म्हणतात पाय काढला तर गाडी पळेल." पाठोपाठ मुलाचा आवाज ऐकू आला, "आई, काहीतरी करपलंय." सिल्व्हरथॉर्नच्या फाट्यावर गाडी कशीबशी थांबली तेव्हा पुढच्या उजव्या चाकातून पांढरट धूर येत होता, आणि ब्रेकचे पेडल दाबले की ते मऊ लागून जवळजवळ तळापर्यंत जात होते. पॅड अतिशय तापले की त्यांची पकड जाते आणि त्याहून अधिक तापल्यास ब्रेकचे तेल उकळून नळीत बुडबुडे होतात. पेडल मऊ लागते ते त्यामुळेच. अशा वेळी चाकावर पाणी ओतण्याचा उत्साह कोणी दाखवू नये, कारण तापलेली डिस्क तडकू किंवा वाकू शकते. गाडी तासभर उभी करून तापमान उतरू द्यावे, आणि निवल्यावरही पेडल घट्ट लागत नसेल तर ती गाडी चालवू नये. आम्ही भाड्याच्या कंपनीला कळवून मेकॅनिक येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.

वास्तविक उपाय साधा आहे. गिअरच्या दांड्यावरचे ते बटण म्हणजे टो-हॉल, जड गाडीला खालच्या गिअरमध्ये ठेवणारी सोय. ते उतार सुरू होण्यापूर्वी दाबायचे, वेग आधीच ताशी पन्नास मैलांच्या खाली आणायचा आणि गाडी खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर धरून ठेवायची. इंजिन मोठ्याने ओरडते आणि नवखा माणूस त्या आवाजाला घाबरून बटण पुन्हा बंद करतो. त्याने तसे करू नये. वेग वाढलाच तर ब्रेक चांगला दाबून तो दहा मैलांनी कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा. मी स्वतः मालमोटारींच्या मागे उजव्या लेनमध्ये राहतो, आणि मागून कोणी कितीही चिकटले तरी आरशात दुसऱ्यांदा पाहत नाही. या उतारावर बाजूला खडीचे चढते रॅम्प केलेले आहेत, ते ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठीच आहेत. तशी वेळ आलीच तर आरव्हीवाल्यानेही ते वापरावेत आणि बाहेर काढण्याच्या खर्चाचा विचार नंतर करावा.

त्याच ठिकाणी धूर पाहायला मी खाली वाकलो, तेव्हा दुसरी चूकही दिसली. घरच्या मोटारीचा सायकल रॅक त्यांनी आरव्हीच्या हिचला, म्हणजे मागच्या जोडणीच्या आकड्याला, जसाच्या तसा लावला होता. धाकट्या मुलीची सायकल सर्वांत खाली टांगलेली होती आणि तिचे मागचे चाक सायलेन्सरच्या नळीसमोर वीतभर अंतरावर आले होते. टायर एका बाजूने फोड आल्यासारखा फुगून मऊ पडला होता. पण टायर ही किरकोळ बाब झाली. आरव्हीचा मागच्या चाकांच्या मागे येणारा भाग फार लांब असतो, त्यामुळे साध्या खड्ड्यालाही शेपटाकडचे टोक मोटारीच्या मानाने कितीतरी जास्त उसळते आणि रॅकच्या सांध्यांना ते सोसत नाही. म्हणूनच रॅक बनवणाऱ्या अनेक कंपन्या आरव्हीवर तो वापरण्यास मनाई करतात, आणि भाड्याच्या करारातही पुष्कळदा तशी अट असते. करार कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा. मागच्या शिडीला सायकली बांधणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. ती शिडी माणसाला छतावर चढता यावे म्हणून दिलेली असते.

माझी सवय अशी आहे की मोठ्यांच्या सायकलींची पुढची चाके काढून, त्या जुन्या सतरंजीत गुंडाळून आरव्हीच्या आतच टेबलाच्या पायाला बांधायच्या आणि मुलांच्या सायकली फ्रिस्कोत भाड्याने घ्यायच्या. प्रवासात आत पाय ठेवायला जागा उरत नाही, ही तक्रार मी दरवर्षी ऐकतो आणि सोडून देतो.

आता 'उद्या सकाळी व्हेल पास' या बेताविषयी. फ्रिस्को ९,१०० फुटांवर आहे आणि व्हेल पास १०,६६२ फुटांवर. मध्ये कॉपर माउंटन या स्कीइंगच्या ठिकाणावरून जाणारा सायकलींचा स्वतंत्र, फरसबंद मार्ग आहे आणि तो खरोखर सुंदर आहे. परंतु काल समुद्रसपाटीजवळ असलेल्या मुलाला आज तिथे चढवले तर डोकेदुखी आणि उलटी जवळपास ठरलेलीच. पहिला दिवस डिलन तलावाच्या काठच्या सपाट भागात फिरण्यात घालवावा. तलावाला पूर्ण फेरी मारण्याचा मोह मात्र आवरावा, कारण ती सुमारे १८ मैलांची असून स्वान माउंटनचा चढ त्यातच येतो. अधीर मंडळी यावर पळवाट काढतात: सायकलींसह शटलने थेट पासवर जायचे आणि व्हेलकडे नुसते उतरायचे. माझा त्याला विरोध नाही, पण तो अडीच हजार फुटांचा उतार आहे, वळणांवर समोरून चढणारे सायकलस्वार येतात आणि लहान मुलांची बोटे ब्रेक दाबून दाबून वळतात. दर दोन मैलांवर थांबावे, मुलांना हात झटकायला लावावे आणि जुलै असला तरी वाऱ्यासाठी जाकीट घालावे.

आपल्याकडच्या माणसाला ढग दाटले की भजी आठवतात. इथे जुलै-ऑगस्टच्या दुपारी ढग दाटले की विजा आणि गारा येतात. झाडांची रेषा संपते त्या उंचीवर सायकलस्वाराला आडोसा नसतो. सकाळी सातला निघून बाराच्या आत खाली यावे. आठला उठून पोहे करत बसणाऱ्यांनी त्या दिवशी पास सोडून द्यावा.

स्वयंपाकाविषयी एवढेच की ९,००० फुटांवर पाणी साधारण ९१ अंश सेल्सिअसलाच उकळते, तेव्हा कुकर घरी ठेवून पातेल्यात तूरडाळ शिजवण्याचा प्रयोग करू नये. कुकरलाही दोन शिट्या जास्त द्याव्यात.

शौचालयाच्या सांडपाण्याच्या टाकीचा वॉल्व्ह कॅम्पवर सतत उघडा ठेवू नये. पाणी वाहून जाते आणि बाकीचे आत साचते. ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारे कापडी छत, उघडे ठेवून फिरायला जाऊ नये.

फोनमधल्या नकाशाला आपली गाडी किती लांब आहे हे ठाऊक नसते. ॲस्पेनकडे जाणाऱ्या, १२,०९५ फुटांवरच्या इंडिपेंडन्स पासवर ३५ फुटांहून लांब वाहनांना बंदी आहे. मोंटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात तर गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरातल्या भागात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसह ८ फुटांहून रुंद वाहन नेता येत नाही, म्हणजे भाड्याच्या बहुतेक आरव्ही बाद होतात. तिथे सायकलींनाही उन्हाळ्याच्या गर्दीत काही टप्प्यांवर दुपारची बंदी असते. आरव्ही ताब्यात घेतानाच लांबी, रुंदी आणि उंची कागदावर लिहून ती डॅशबोर्डला चिकटवावी.

परतीचा उतार सर्वांत फसवा असतो. आय-७० पूर्वेकडे उतरताना डेन्व्हरचे मैदान समोर दिसू लागते, उतार संपला असे वाटते, आणि तिथेच मालमोटारींसाठी 'फसू नका, तीव्र उतार आणि वळणे अजून बाकी आहेत' अशा अर्थाच्या पाट्या लावलेल्या आहेत. त्यात रविवारी दुपारची कोंडी, मागे झोपलेली मुले आणि गाडी परत करण्याची ठरलेली वेळ यांची भर पडते. त्यामुळे मी शेवटची रात्र डोंगरात काढत नाही. आदल्या दिवशी दुपारीच उतरून डोंगराच्या पायथ्याशी गोल्डन गावाच्या आसपास मुक्काम करतो, टाक्या रिकाम्या करतो आणि सकाळी सपाट रस्त्याने गाडी परत देऊन येतो.