अजून एक सायकल घ्यायचीय? आधी बघा राईड कुठे अडलीय

घरात एक सायकल आहे, कदाचित दोन आहेत, आणि तरी रात्री जेवणं झाली की मोबाइलवर पुढचीचे फोटो बघणं चालूच, कार्टमध्ये टाकली, काढली, परत टाकली, सरळ हँडलची हायब्रिड की कच्च्या रस्त्यावरही चालणारी ग्रॅव्हल, गिअर सोरा की टिआग्रा, आत्ता की दिवाळीत, असं महिनामहिना चाललं असेल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. ठाणे-नवी मुंबईत नियमित सायकल चालवणाऱ्या बऱ्याच जणांचं हे होतं आणि त्यात वाईट काही नाही, सायकल सुंदरच असते, मन जाणारच. पण निर्णय का लागत नाही माहितीय का? आपण सायकलची तुलना सायकलशी करत बसतो, आणि प्रत्येक सायकल दुसरीपेक्षा कशात ना कशात बरी असतेच, मग ते संपणार कधी.

म्हणून मी सगळ्यांना एकच विचारते. सायकलमुळे तुमची कुठली राईड अडलीय? वेळ नाही, पहाटे जाग येत नाही, सोबत नाही, हे सगळं बाजूला ठेवा, फक्त सायकलमुळे काय अडलं ते सांगा. आणि कागदावर रस्त्याचं नाव लिहा. "लाँग राईड" किंवा "ऑफरोड" असं मोघम नको. ठाण्यातल्या उपवनवरून येऊर चढायचंय असं लिहा, किंवा कळवा-विटाव्यावरून ऐरोली, मग ठाणे-बेलापूर रोडने वाशी आणि पुढे पाम बीच रोडने बेलापूर, किंवा पनवेलवरून जुन्या हायवेने खोपोली. नाव सुचलंच नाही तर खरेदी पंधरा दिवस पुढे ढकला आणि आहे त्या सायकलवर दोन रविवार बाहेर पडा, नाव रस्त्यावरच सुचेल.

नाव लिहून झालं की मग बघायचं, की आहे त्या सायकलला हे जमवता येतं का. खूपदा येतं, आणि नव्या सायकलच्या मानाने किरकोळ पैशात येतं.

येऊरचंच घ्या. "चढच चढवत नाही" ही नेहमीची तक्रार आणि त्यावर नेहमीचा सल्ला, बारीक टायरची हलकी रोडबाईक घे. थांबा जरा, आधी खाली बसून मागच्या कॅसेटवरच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांच्या संचातल्या, सगळ्यात मोठ्या चकतीचे दाते मोजा, कधीकधी आकडा त्यावरच कोरलेला असतो. समजा पुढची, पेडलजवळची लहान चकती ३४ दात्यांची आणि मागची मोठी २८ची आहे, तर पेडलच्या एका फेरीत चाक १.२१ वेळा फिरतं, म्हणजे ७००सीच्या (रोडबाईक-हायब्रिडच्या नेहमीच्या मापाच्या) चाकावर तुम्ही साधारण अडीच मीटर पुढे जाता. मागे ३४ची कॅसेट टाकली की पुढे ३४ मागे ३४, पेडलची एक फेरी म्हणजे चाकाचीही एकच फेरी, साधारण २.१ मीटर, आणि पायाला लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी. आता हलक्या सायकलचा हिशोब बघा, तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो असाल आणि नवी सायकल एक किलोने हलकी असेल तर फरक पडतो सव्वा टक्का, पाण्याच्या भरलेल्या मोठ्या बाटलीचंच पाऊण किलो वजन होतं. म्हणजे ज्या चढासाठी हजारो रुपये मोजायला निघालोय तो चढ एका कॅसेटने सुटतो. फक्त तुमच्या मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला, ३४ची चकती झेपते का हे दुकानात विचारून घ्या, आणि चेनची लांबीही तपासून घ्या, कधीकधी नवी चेन लागते.

येऊरच्या नावाने एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, घेणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, वर जाणारा रस्ता डांबरी आहे, आणि जंगलातल्या पायवाटांवर परवानगीशिवाय सायकल घालायची नसते. त्यामुळे तिथे डांबरावरच फिरणार असाल तर सस्पेन्शनचं जास्तीचं वजन उचलून नेण्यात काय मजा.

पाम बीचवाल्यांचं उलट असतं. तिथे सगळं सपाट आणि मोकळं, ग्रुपमधल्या रोडबाईक सुसाट पुढे जातात आणि आपण हायब्रिडवर मागे राहतो, मग घरी येऊन रोडबाईकचे फोटो. इथे पहिला उपाय टायर. टायरच्या कडेला आकडे असतात, उदाहरणार्थ ४०-६२२, त्यातला ४० म्हणजे टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये आणि ६२२ म्हणजे रिमचं माप. ६२२ असेल तर ७००सीचे टायर बसतात, २९ इंची म्हणतात त्या एमटीबीचं रिमही ६२२चंच, फक्त ते जास्त रुंद असेल तर फार बारीक टायर चालत नाही. साडेसत्तावीसवाल्यांचं ५८४ आणि जुन्या २६ इंचीचं ५५९. खाचाखाचांचे टायर काढून गुळगुळीत ३२चे टाकले, हवा नीट भरली, तर तीच हायब्रिड अशी पळते की आपल्यालाच नवल वाटतं. सोबत टिकायला एवढं पुरलं तर पुरलं. नाही पुरलं, आणि दर रविवारी तुम्ही खरंच त्याच ग्रुपबरोबर जाताय, तर मग राईड सायकलमुळेच अडलीय, रोडबाईकचा विचार करा.

घोडबंदर रोडचे खड्डे ही तिसरी तऱ्हा, तिथे बारीक टायरवाले रडकुंडीला येतात. तुमच्या फ्रेममध्ये आणखी रुंद टायर मावेल का ते बघा, टायर आणि फ्रेमच्या मध्ये दोन्ही बाजूंना निदान चार-पाच मिलीमीटर जागा उरायला हवी. २५च्या जागी २८ गेला तरी हात झिणझिणायचे कमी होतात. फ्रेममध्ये जागाच नसेल तर मात्र इलाज नाही, ती सायकल त्या रस्त्याची नाहीच.

मान दुखते, हाताला मुंग्या येतात, गुडघा बोलतो, म्हणून सायकल बदलणारेही पुष्कळ आहेत. आधी सीटची उंची मापा. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पायांच्या मध्ये एक जाडसर पुस्तक सीटसारखं वर दाबून धरायचं, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं माप घ्यायचं. त्याला ०.८८३ने गुणा. ८० सेंटिमीटर आलं तर सुमारे ७०.६, पेडलचे दोन्ही दांडे ज्याभोवती फिरतात त्या मधल्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवून सुरुवात करा, मग पाच-पाच मिलीमीटरने वरखाली करत बघा. हँडल लांब वाटत असेल तर एखाद-दोन सेंटिमीटरने छोटा स्टेम (हँडलला धरणारा पुढचा तुकडा) लावून मिळतो. पण फ्रेमच दोन साईज मोठी असेल तर ते स्टेमने सुटत नाही, उगाच अंगाला त्रास, तिथे बदला म्हणेन.

आणि "जुनी आता जड चालते" हे तर हमखास ऐकू येतं. आमच्या इकडचे सायकलवाले काका अशा वेळी काही न बोलता स्टीलची पट्टी घेतात, चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धरतात आणि तिच्यापुढची चोविसावी पिन कुठे येते ते दाखवतात. चेनच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच, म्हणजे नव्या चेनवर ती बरोबर १२ इंचावर येते. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर ते म्हणतात, "ताई, चेन बदलून टाका, अजून कॅसेट वाचलीय." एक अष्टमांश पुढे गेली असेल तर बहुतेक कॅसेटही गेलेली असते. नवी चेन, ब्रेकपॅड, केबल, हबला (चाकाच्या मध्याला) ग्रीस, एवढं करून एक राईड मारा आणि मग सांगा जड चालते का. खाडीची खारी हवा आणि आपला पाऊस यांनी चांगली सायकलही दोन वर्षांत कुरकुरायला लागते, आणि काळजी घेतली नाही तर नवीचंही तेच होणार आहे.

बीआरएमसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईडसाठी, नवी सायकल हवीच असंही बरेच जण धरून चालतात. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून ताशी १५च्याही किंचित खाली सरासरी पुरते, आणि रोडबाईकच पाहिजे असा नियम नाही. हायब्रिडवर लोक करतात. पहिली २०० आहे त्यावर करा, काय टोचतं काय कमी पडतं ते शरीरच सांगेल, ३०० आणि ४००च्या आधी मग खरेदी नेमकी होते.

आता एवढं करूनही राईड अडलेलीच असेल, तर घ्या. बिनधास्त घ्या, पण चाळणी लावून. दोन-तीन मॉडेलवर जीव अडकला असेल तर क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी साईज, दुकानात जाऊन बसून, चालवून, नुसता तक्ता बघून नाही. मग फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर मावतो, आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. मग सगळ्यात हलका गिअर. मग ब्रेक, पावसात चालवणार असाल तर डिस्क घ्या, रिमब्रेकमध्ये चिखलाची रेती अडकून रिमच घासलं जातं. ग्रुपसेट, म्हणजे गिअरच्या भागांचा संच, शेवटी. गिअर बनवणाऱ्या शिमानोच्या जुन्या क्रमात क्लॅरिसला मागे ८ चकत्या, सोराला ९, टिआग्राला १०, लोक या एकेका चकतीवरून रात्र रात्र जागतात आणि साईज मात्र अंदाजाने घेतात. ग्रुपसेटचे भाग झिजणारे आहेत, पुढेमागे बदलता येतात, फ्रेम तीच राहते.

शक्य असेल तर ग्रुपमधल्या कुणाशी एक रविवार सायकल बदलून घ्या, उंची जुळत असेल त्याच्याशीच. एका सकाळच्या राईडने जे कळतं ते पंधरा रिव्ह्यू बघून कळत नाही.

दुकानातल्या घाईला बळी पडू नका. "ऑफर आजच संपतेय" म्हणतील. सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय, तो काही रविवारी रात्री परत वाढत नाही. आणि बजेट ठरवताना सायकलच्या किमतीवर थांबू नका, हेल्मेट, पुढचा-मागचा लाईट, पंप, जास्तीची ट्यूब, चांगलं लॉक हे धरा, महागड्या रोडबाईकला तर बऱ्याचदा पेडलही सोबत येत नाही. सेकंडहँड घेत असाल तर मूळ बिल मागा आणि पेडलच्या त्याच मधल्या अक्षाखाली फ्रेमवर बहुधा कोरलेला असतो तो नंबर बिलाशी ताडून बघा. जुनी कार्बन फ्रेम जाणकाराने बघितल्याशिवाय अजिबात नको, पडलेल्या कार्बनची आतली चीर वरून दिसत नाही.

कुठलीच राईड अडलेली नाही, फक्त ती सायकल फार आवडलीय, असंही असतं. हौसेला मोल नाही, मला त्यात काही गैर वाटत नाही. पैसे वेगळे काढलेले असतील, ईएमआय नसेल, ठेवायला जागा असेल तर घ्या, आणि घरी सरळ सांगा की आवडली म्हणून घेतोय. "फिटनेससाठी" असं उगाच सांगायला जाऊ नका, घरच्यांना पहिली सायकल दिसत असते.

जागेचं मात्र पैसे भरायच्या आधीच ठरवा. टू बीएचकेमध्ये तीन सायकली म्हणजे एक बाल्कनीत भिजणार, पॅसेजमध्ये ठेवली तर सोसायटी बोलणार आणि बरोबरच बोलणार, आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. खाली पार्किंगमध्ये ठेवली तर वर्षभरात टायर बसलेले, चेन गंजलेली. म्हणून नवी यायच्या आधी जुनीला काम द्या किंवा माणूस द्या. काम म्हणजे कॅरिअर आणि मडगार्ड लावून भाजी-स्टेशनची सायकल करा. माणूस म्हणजे कॉलेजला जाणारा भाचा, बिल्डिंगमधली कामाला येणारी ताई, सोसायटीतला वॉचमन, ज्याला ती रोज लागेल असा कुणीतरी. देताना ब्रेकपॅड नवे टाकून, सीट त्याच्या उंचीला लावून, पंपासकट द्या, आणि बिल असेल तर तेही सोबत द्या, म्हणजे रस्त्यात कुणी विचारलं तर त्याला दाखवता येईल.