प्रारूप विकास आराखड्यावर हरकत कशी घ्यावी

शहराचा प्रारूप विकास आराखडा तयार झाला की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली त्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. पुढची वीस वर्षं शेत कुठे राहणार, दवाखाना कुठे येणार, रस्ता कोणाच्या दारातून जाणार, हे बदलून घेण्याची खरी संधी हीच. तरीही ढीगभर हरकती वाया जातात, कारण त्यांत संताप असतो, गट नंबर नसतो. ‘आमच्या भागावर अन्याय झाला’ एवढ्यावर हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला काहीच करता येत नाही. कोणती जमीन, काय चुकलं आणि त्याऐवजी नेमकं काय हवं, हे ज्या अर्जात आहे त्याच्यावरच निर्णय लिहिता येतो.

मुदत राजपत्रातल्या नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, बातमी वाचली त्या दिवसापासून नाही. कुठे ३० दिवस असतात, कुठे ६०. नोटिशीत लिहिलेली मुदतच धरून चाला. नकाशासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकून वाट बघत बसू नका, त्या उत्तराचीच मुदत ३० दिवसांची आहे. आराखडा पाहायला खुला ठेवणं आणि प्रमाणित प्रती किंवा उतारे वाजवी किमतीत देणं कलम २६ मध्येच आहे. कार्यालयात जाऊन तेच मागा.

नकाशे दोन असतात: विद्यमान जमीन वापर आणि प्रस्तावित जमीन वापर. सगळे दुसऱ्यावर तुटून पडतात, पण चूक बरेचदा पहिल्यात सापडते. बागायत पडीक दाखवलेली असते, चालू विहीर, ओढा किंवा पाणंद नकाशावर नसतेच, आणि मग ‘मोकळी’ जमीन म्हणून तिथेच आरक्षण पडतं, म्हणजे ती सार्वजनिक सोयीसाठी राखून ठेवली जाते. २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप आराखडा ढोबळ चुकांमुळे राज्य सरकारने दुरुस्तीसाठी परत पाठवला; सुधारित आराखडा २०१६ मध्ये नव्याने प्रसिद्ध करावा लागला. म्हणून सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि मोजणीचा नकाशा शेजारी ठेवून आधी विद्यमान वापराचा नकाशा तपासा. मग आरक्षणांचा तक्ता घ्या. त्यातला आरक्षण क्रमांक, क्षेत्रफळ आणि समुचित प्राधिकरण (ती जागा संपादन करून विकसित करणारी संस्था) नकाशाशी जुळतं का पाहा. तफावत असेल तर दोन्ही आकडे अर्जात लिहा. पीडीएफवरून अंतर मोजताना नकाशावर छापलेली मोजपट्टीच वापरा, कारण प्रिंट लहानमोठी झाली की लिहिलेलं प्रमाण खोटं ठरतं.

रस्त्यांचं गणित सोपं आहे आणि तेच कोणी करत नाही. १२ मीटरचा रस्ता १८ मीटर करायचा तर मध्यरेषा तीच ठेवून दोन्ही बाजूंना ३-३ मीटर जायला हवेत, म्हणजे १०० मीटर दर्शनी बाजू असलेल्या जमिनीतून ३०० चौरस मीटर. सगळे ६ मीटर एकाच बाजूने घेतले असतील, तर का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मजकूर असा ठेवा:

‘प्रस्तावित १८ मीटर रस्ता गट क्र. … मधून जातो. त्याच्या आखणीत चालू विहीर येते. विद्यमान जमीन वापर नकाशात ती दाखवलेली नाही. सातबारा व मोजणी नकाशा जोडला आहे. आखणी सध्याच्या पाणंद रस्त्याच्या मध्यरेषेवर घ्यावी. सुनावणीची संधी मिळावी.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. नुसतं ‘रद्द करा’ म्हटलं की आरक्षण हलवायचं कुठे हा प्रश्न समितीपुढे तसाच राहतो. पर्याय म्हणून शेजाऱ्याचा गट दाखवलात तर पुढची हरकत त्याची येईल, तेव्हा शासकीय किंवा पालिकेच्या मालकीची जागा आधी शोधा.

आरोग्य केंद्रासारख्या सार्वजनिक सोयीसाठी लोकसंख्येचा हिशोब मांडा. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारण ५०,००० लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र धरलं आहे. आराखड्याच्या अहवालात तुमच्या विभागाची अंदाजित लोकसंख्या १,२०,००० असेल आणि जागा एकाच केंद्राची ठेवली असेल, तर आणखी दोन हवीत. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत दवाखाना किंवा शाळा दाखवली असेल तर ती हरकत कोणीही, जमीन नसलेल्या माणसानेही, घ्यावीच.

एकाच मजकुराच्या हजार झेरॉक्सवर सह्या घेतल्या तर त्या एकत्र ऐकल्या जातात आणि बहुधा एकच उत्तर मिळतं. जमिनीच्या हरकती प्रत्येकाने आपापल्या गट नंबरासह स्वतंत्र द्याव्यात.

अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पत्ता आणि मोबाइल स्पष्ट लिहा. सुनावणीची सूचना त्यावरच येते आणि ती चुकली तर समितीपुढे फक्त कागद उरतो. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. वेळ मोजकी मिळते, म्हणून भाषण नको. नकाशावर गट रंगवून न्या, बोट ठेवून चूक दाखवा, मागणी वाचा आणि नवा कागद दिलात तर त्याचीही पोच घ्या.

‘दहा वर्षांनी आरक्षण आपोआप उठतं’ या समजावर विसंबून गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. आपोआप काहीच होत नाही. कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षांत संपादन झालं नाही, तर मालकाने हक्काच्या कागदपत्रांसह खरेदी नोटीस (जमीन घ्या, अशी) बजावावी लागते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन किंवा त्याची पावलं झाली नाहीत तरच आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं.

सुनावणीनंतर केलेल्या बदलांची यादी प्रसिद्ध होते. तीही पहिल्या आराखड्याइतकीच बारकाईने वाचा, कारण एकाच्या शेतावरून उठलेलं आरक्षण दुसऱ्याच्या शेतावर पडलेलं इथेच दिसतं. शासनाने मंजुरी देताना मोठे फेरबदल सुचवले, तर तो भाग मंजुरीतून वगळला जातो आणि पुन्हा हरकतींसाठी जाहीर होतो. त्यात आपला गट असेल तर नव्या मुदतीत नवा अर्ज द्या. आधीची हरकत जुन्या प्रस्तावावरची होती.